खाऱ्या पाण्याची हत्यारं कशाची करावीत?

कुर्ल्याच्या भंगार बाजारात स्टेनलेस स्टील पारखताना पहिला हात चुंबकाकडे जातो. चिकटलं नाही म्हणजे माल अस्सल, असा सरसकट समज आहे. धातूंच्या कामात माझा बराच वेळ हा समज खोडण्यात जातो. 202, 304 आणि 316 या तिन्ही जातींना चुंबक जवळपास चिकटत नाही. पण 202मध्ये महाग निकेलची जागा बरीचशी मँगनीजने घेतलेली असते. 304मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316मध्ये निकेल थोडं जास्त आणि वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. स्वयंपाकघरात हा फरक जाणवणार नाही. वर्सोव्याच्या होडीवर तोच निर्णायक ठरतो.

स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून क्रोमियम काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तरी हा पापुद्रा पुन्हा धरला जातो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतलं निम्म्याहून जास्त क्लोराइड. ते पापुद्र्याला एखाद्याच जागी भोक पाडतं. भिंगाखाली असं पातं बघावं. सगळं चकचकीत, मध्येच सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. कापून पाहिलं तर तोंड अरुंद आणि आत पोकळी रुंद. आत साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही, आम्लता वाढत जाते आणि पापुद्रा पुन्हा धरत नाही. मॉलिब्डेनम या ठिपक्याची सुरुवातच अवघड करतं.

मग सगळ्या सुऱ्या 316च्याच का करू नयेत? कारण 316 पाणी देऊन कडक होत नाही. धार टिकत नाही. धारेला कार्बन लागतो आणि कार्बन क्रोमियमला धरून बसतो. म्हणूनच 440C या सुऱ्यांच्या पोलादात 16 ते 18 टक्के क्रोमियम असूनही ते खाऱ्या पाण्यात 304च्या आधी गंजतं. जपानी एच-वन पोलादात कार्बनचा भार कमी करून नायट्रोजनची मदत घेतली आहे. पाणबुड्यांच्या सुऱ्यांना ते उत्तम, पण महाग. टायटॅनियम समुद्रात गंजतच नाही म्हटलं तरी चालेल, मात्र त्याची धार लवकर बोथट होते.

म्हणून आधी हत्याराचं काम विचारावं. खडकावरची कालवं सोडवणाऱ्या बाईचं हत्यार दगडावर आपटतं, सारखं घासावं लागतं. तिला साधं कार्बन पोलादच बरं. कुठल्याही लोहाराकडे धार लावून मिळते. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवला की पुरे. होडीवर कायम राहणारे शॅकल, नटबोल्ट 316चे घ्यावेत. वेल्डिंग असेल तर 316एल, ज्यात कार्बन 0.03 टक्क्यांपलीकडे नसतो. पाण्याखालच्या पंख्याला निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ. साध्या पितळेतलं जस्त समुद्र हळूहळू काढून घेतो. आणि मूठ कशी बसवली आहे, ते जरूर बघावं. मुठीखालच्या फटीत खारं पाणी कोंडतं, गंज तिथेच सुरू होतो. पोलादाच्या पात्याला पितळी रिव्हेट मारला तर त्याच्याभोवतीचं पोलाद आधी खाल्लं जातं.

आता मोठ्या भंगारवाल्यांकडे धातू ओळखणारी क्ष-किरणांची बंदूक आली आहे. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम ती क्षणात दाखवते, कार्बन मात्र तिला दिसत नाही. धार आणि गंज यांचा निकाल तर कार्बनवरही अवलंबून असतो. तेव्हा बंदुकीवर न थांबता हीट नंबर असलेलं टेस्ट सर्टिफिकेट मागावं. कोळीवाड्यातून आलेल्या ऑर्डरला आपल्या वर्कशॉपनी एवढी चौकशी केलीच पाहिजे. त्या हत्यारावर एका घराची रोजची कमाई अवलंबून असते.