वसईहून दादांस

वसई, शनिवार, 2 फेब्रुवारी 1963



काल रात्री सुखरूप पोहोचलो. वाटेत सुवर्णनियंत्रणाच्या कचेरीत परवाना दाखविण्यास गेलो, तेथे दोन तास तिष्ठत ठेवून कारकुनाने कागद न वाचताच परत लोटला आणि ‘सोनारांनी आता भाजी विकावी’ असे चारचौघांदेखत ऐकविले; नऊ जानेवारीच्या नियमाने चौदा कॅरटांवरचा दागिना घडविणे बंद झाल्यापासून आपल्या आळीत किती भट्ट्या विझल्या हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या गळ्याखाली हे शब्द उतरणार कसे? त्यातून विरारच्या लोकलमध्ये तराजूची पेटी छातीशी धरून उभा होतो, आणि टांगेवाल्याने दीड रुपया घेतला. थंडी नाशिकची नव्हे, पण खाडीवरून येणाऱ्या ओलीने घोंगडीदेखील दमट झाली. वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावे.

नंदाखाल, सोमवार, 4 फेब्रुवारी

काल किल्ला पाहिला. मोठा आहे, पडका आहे.

आपण सांगितलेले घर केळीच्या बागायतीत आहे. तेथल्या आजींनी प्रथम सुकेळी पुढे ठेवली: राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच वाळल्या पानांत बांधलेली, मधाच्या रंगाची आणि दातांना किंचित चिकटणारी, इतकी गोडी साखरेवाचून येते यावर विश्वास बसेना, म्हणून चार खाल्ली. बाळासाठी एक जुडी घेतली आहे.

मग आजींनी विकावयाच्या दागिन्यांची पेटी उघडली. पोतीतला क्रूस साधाच. परंतु दुसरे पदक हाती घेतले आणि कसोटीचा दगड काढण्याचे भान राहिले नाही. सुपारीएवढी लंबवर्तुळ डबी, कडेने रव्यांची ओळ, दोन्ही अंगांस स्फटिकाची झाकणे; आत तांबड्या रेशमावर तिळाएवढा अस्थिकण, त्याखाली लॅटिन अक्षरांची कागदाची पट्टी, आणि मागे तांबड्या दोऱ्यावर लाखेची मोहर. ती मोहर शाबूत असेल तरच साक्ष शाबूत, असे तेथे आलेल्या फादरांनी सांगितले. हुतात्म्याचा वा संताचा असा अवशेष विकणे चर्चच्या कायद्याने निषिद्ध आहे. गोव्याच्या 1567 च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजावस्तू परधर्मी कारागिरांकडून घडवून घेण्यास मनाई केली होती, असेही ते म्हणाले. पण मनाई करावी लागली, याचा अर्थच तसे घडत होते. त्या रव्यांची डाक मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिली, दादा. कोणाच्या हातची, हे सांगता येणार नाही. आपल्या आजोबांनी ती ओळ पाहून मान डोलावली असती, एवढे खात्रीने सांगतो.

तिसऱ्या, चपट्या डबीत केवळ मेण होते. ईस्टरच्या मेणबत्तीच्या मेणाच्या चकत्यांवर कोकराचा ठसा उठवून पोप त्या आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षी व पुढे दर सातव्या वर्षी मंत्रवतात; लोक त्यांचे तुकडे असे गळ्यात बाळगतात. हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

आपल्या पंचवटीत नारोशंकराची घंटा आहे. तिच्यावर 1721 हे साल आहे आणि 1739 साली वसई पडल्यानंतर ती गोदेकाठी आली, हे आपण लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. जे मोठे होते ते विजेत्यांबरोबर घाटावर गेले; जे लहान होते ते लुगड्याच्या पदराआड राहिले, आणि ते आम्ही तोळ्याने मोजून आणतो. आजवर मोडलेल्या सोन्याचा निदान त्याच कसाचा दागिना होत असे. आता तेही नाही.

आजींना नातीच्या लग्नाकरिता पैशांची निकड आहे. तरी मी त्या डब्या तराजूत घातल्या नाहीत. क्रूसाचाही भाव केला नाही. क्रूस तारण ठेवून आपल्या पेढीने रक्कम द्यावी, व्याज घेऊ नये, ही माझी विनंती. आपण रागावाल हे जाणून लिहीत आहे.

आणखी एक. गेल्या दिवाळीत दलालाकडून वसईची मोड घेतली, तीत अशाच तीन चपट्या डब्या होत्या. दोहोंतले मेण मीच कोरणीने खरवडून केरात टाकले. आपण विचारलेत तेव्हा ‘कचरा होता’ म्हणालो. तिसरी खालच्या खणात, निळ्या फडक्यात आहे. बुधवारी आटणी आहे. ती मुशीत घालू नये. पत्रास उशीर होईल म्हणून आजच तारही करीत आहे.