बुटके जिरेनियम

नर्सरीत जिरेनियम म्हणून विकले जाणारे कुंडीतले झाड वनस्पतिशास्त्रात पेलार्गोनियम या प्रजातीत मोडते. लिनियसने १७५३ मध्ये ते जिरेनियममध्येच घातले होते. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिज्ञ लेरितिए याने ते वेगळे काढले. थंड देशांतले खरे जिरेनियम बर्फ सोसते, पेलार्गोनियमला ते सोसत नाही. त्याच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. मांसल खोडात ओल साठवून कोरडे दिवस काढायची सवय त्याच्या अंगात मुरलेली आहे. त्याची सारी निगा या सवयीवरून ठरते.

मातीपासून पानांच्या माथ्यापर्यंत १२.५ सेंटीमीटरपर्यंत वाढणाऱ्या वाणांना मिनिएचर म्हणतात. त्याहून उंच, पण २० सेंटीमीटरपर्यंतच राहणारे ते ड्वार्फ. यांची मुळे थोडी आणि वाढ संथ. त्यामुळे सात ते दहा सेंटीमीटरची कुंडी पुरते. मायेपोटी मोठी कुंडी दिली की न शोषलेले पाणी मातीत साचते आणि मुळे कुजतात. कोकोपीटमध्ये भरड वाळू किंवा पर्लाइट सढळ मिसळावे. वरची माती सुकली आणि कुंडी हाताला हलकी लागली, तरच पाणी द्यावे. नत्र फार झाले तर पाने माजतात आणि कळ्या रुसतात. कळ्या धरू लागल्या की पोटॅशचा अंश जास्त असलेले पातळ खत द्यावे. शेंडे खुडले की झाड भरगच्च होते.

महाराष्ट्रात या झाडाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. हिवाळ्याचे ऊन त्याला मानवते, एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली पुरते. पण जून ते सप्टेंबर पानांवर पाऊस पडता कामा नये. बागेत लावायचे असल्यास वाफ्यात कुंडीच काठापर्यंत पुरावी, म्हणजे पहिल्या सरीआधी ती उचलून पडवीत आणता येते. खोड बुडाशी काळे पडू लागले तर ते झाड वाचत नाही. वरचा निरोगी शेंडा तेवढा कापून घ्यावा आणि ती माती टाकून द्यावी.

छाट घेण्यास दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पेराखाली कापलेला पाचेक सेंटीमीटरचा शेंडा, खालची पाने काढून, काही तास सावलीत सुकू द्यावा, मग ओलसर वाळूत खोचावा. प्लास्टिकची पिशवी घालू नये. कोंडलेल्या दमटपणात छाट कुजते. दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. झाड काही वर्षांत लाकडी, उघडेबोडके होतेच, म्हणून ही छाट म्हणजे त्याचे पुढचे आयुष्य. संकरित वाण बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत. काळपट पानांचे ‘ब्लॅक व्हेसुव्हियस’ हे एकोणिसाव्या शतकातले वाण आजवर टिकले, ते पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी छाट लावत आल्यामुळे. आवडते वाण असेल त्याने दर हिवाळ्यात एक छाट स्वतःसाठी लावावी आणि एक शेजारी द्यावी.