कुंकू, कुंड आणि नायटा

मेडशीहून अकोल्याला जाणारी एसटी घाट उतरून पातूरला थांबते. तिथल्या टेकडीच्या कातळात बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली विहारं आहेत, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो. कधी दवाखान्यासाठी, कधी बाजारासाठी त्याच रस्त्यानं जाणं व्हायचं, पण लेणी पाहायला म्हणून उतरलो नाही. लेणी म्हणजे अजिंठा, आणि देवदर्शन म्हणजे लांबचं, असा आमच्या घरचा हिशेब.

अजिंठ्यालाही गेलो तो नेमका सोमवारी. भाड्याची जीप, दोन कुटुंबं, डब्यात पुऱ्या. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ, हे फर्दापूरला पोचल्यावर चहावाल्यानं सांगितलं. मुक्कामाचा खर्च माझ्या माथी आला आणि तो वसूल करायचा म्हणून दुसऱ्या दिवशी मी गाइड घेतला नाही. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दगडी हत्तींजवळ फोटो काढले आणि ‘चला, अजून बरीच राहिलीत’ म्हणत सगळ्यांना पुढं पिटाळलं. त्याच लेण्याच्या व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. ते लेणं कोरवून घेतलं वराहदेवानं. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमचं वाशीम! पाचव्या शतकात आमच्या वाशीमच्या दरबारातल्या माणसानं तिथं डोंगर कोरवला, आणि मी वाशीम जिल्ह्याचा असून त्याच्या भिंतीला पाठ करून फोटो काढून आलो. हे कळलं ते घरी परतल्यावर, एका पुस्तकात. पोरांना सांगितलं तर धाकटा म्हणाला, “मग तवाच काहून नाई सांगतलं?”

उनकेश्वरची चूक याहून महाग पडली. उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. गंधकाच्या गरम पाण्याचे झरे, महादेवाचं देऊळ, शरभंग ऋषींची कथा. कातडीच्या रोगावर ते पाणी चालतं म्हणून विदर्भ-मराठवाड्यातून माणसं येतात. माझ्या कमरेला नायटा होता. डॉक्टरांनी मलम आणि गोळ्या दिल्या होत्या, खाज थांबली तरी सोडू नका असं बजावलंही होतं. पण मावशी म्हणाली, “काहून मलम चोपडतं बाबू? उनकेश्वराच्या पान्यात बस, सारं जाते.” मला तेच ऐकायचं होतं. गोळ्या घरीच ठेवल्या.

वाटेत जीपमध्ये पोरांना सांगत होतो की झऱ्याखाली ज्वालामुखी आहे. तसं काही नसतं. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. माहीत नसलं की मी जास्त ठामपणे बोलतो, ही सवय बायकोला पाठ आहे.

कुंडात उतरलो आणि भरल्या पोटी बसून राहिलो. खाज खरोखर थांबली. आपण बरे झालो याच खुशीत उठलो, तर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि एका अनोळखी आजोबांनी दंड धरून काठावर बसवलं. मग ओली चड्डी तशीच ठेवून जीपमध्ये बसलो.

जाताना माहूरला रेणुकेचं दर्शन घेतलं होतं, तिथलं कुंकू खिशात होतं. परतीच्या वाटेवर एका गावात बुद्धविहार दिसलं. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला, इथवर ठीक. मग मी पुढं होऊन बुद्धांच्या पांढऱ्या मूर्तीच्या कपाळी कुंकू लावलं. आपण किती उदार मनाचे, असंही मनात येऊन गेलं. मेणबत्ती लावायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, “इथं टिया नसते लावत, भाऊ.” १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ‘बुद्ध हा विष्णूचा अवतार’ ही समजूत स्पष्ट नाकारलेली आहे. ती प्रतिज्ञा पाळणाऱ्यांच्या घरात शिरून मी माझा देव त्यांच्या मूर्तीवर चढवला होता. आमच्या गावातली बौद्ध मंडळी माझ्या लहानपणापासूनची ओळखीची. त्यांना एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं.

पुढच्या महिन्यात नायटा मांडीवर उतरला. एकाच टॉवेलनं अंग पुसायची घरची पद्धत, त्यामुळं बायकोला झाला, मग धाकट्याला. नायटा बुरशीमुळं होतो आणि ओल, ऊब, घाम तिला मानवतात. गंधकानं खाज दबते, पण तेवढ्या बुडीनं बुरशी जात नाही. डॉक्टर रागावले ते औषध सोडल्याबद्दल. कुंडाबद्दल त्यांनी एकच विचारलं, “तुमच्यासोबत त्यात किती लोक होते?” पुष्कळ होते. त्यातल्या किती जणांना मी काय दिलं, ते मला कधीच कळणार नाही. मला धरून बसवणारे ते आजोबाही त्यात होते.

उनकेश्वरला अवश्य जा. पण अंगावर नायटा असेल तर आधी औषध पुरं करा, आणि तोवर कुंडात उतरू नका.