आमच्या बागेतले तीन फड

"आमच्या बागेत तीन फड आहेत," असे मी पुण्याच्या व्याह्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिले आणि मग आवाज उतरवून विचारले, "तमाशाचे?" त्यांची चूक नाही. पुण्याकडे फड म्हटला की ढोलकी आठवते, नाहीतर पत्ते. आमच्या खानदेशात, निदान पांझरा नदीच्या काठी, फड म्हणजे पाण्याचा हिशेब. पण हे शहाणपण मला उपजत होते असे कोणी समजू नये. ते मला साठी उलटल्यावर आत्याने शिकवले, आणि तेही पुष्कळ पाणउतारा करून.

२०१६ साली मी नोकरीतून निवृत्त झालो आणि जळगावला छोटी बंगली बांधली. पुढे पाचशे चौरस फुटांचे अंगण सुटले. त्यात काय लावावे याची घरात चर्चाच झाली नाही, कारण व्याह्यांच्या सोसायटीतली हिरवळ आम्ही दोघांनीही पाहिली होती. तशीच आणवली. गवताचे चौकोनी तुकडे गालिच्यासारखे अंथरून माळी निघून गेला आणि मी हातात नळी धरून उभा राहिलो, तो जवळजवळ अडीच वर्षे उभाच होतो.

जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना तो सांगायला नको. पारा ४५ अंशांना टेकला की आमच्याकडे "आज जरा ऊन आहे" असे म्हणतात. काळी जमीन अशी भेगाळते की हातातली किल्ली पडली तर ती पावसाळ्यापर्यंत विसरावी. अशा दिवसांत गवत हिरवे ठेवायचे म्हणजे रोज आठ मिलिमीटर तरी पाणी हवे. आठ मिलिमीटर हा आकडा दिसायला किरकोळ. पण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि माझे अंगण ४६ चौरस मीटरांचे. रोजचे झाले पावणेचारशे लिटर, म्हणजे पंचवीस बादल्या! जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरलेल्या माणसाने हा एवढा गुणाकार कधी केला नाही. बोअरला पाणी होते, विचारतो कोण?

विचारले आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनी. "दादा, नळी बंद करायच्या आधी दोन हंडे भरू का?" मी म्हटले, "मावशी, हे बोअरचे मचूळ पाणी. पिण्याचे नव्हे." त्या म्हणाल्या, "आम्ही हेच पितो." त्यांनी हंडे भरले, चुंबळीवर चढवले आणि त्या गेल्या. मी नळी पुन्हा गवतावर धरली.

२०१८चा पाऊस हुलकावणी देऊन गेला. ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत खानदेशातले पुष्कळ होते. फेब्रुवारीत आमचा बोअर आधी गुळण्या करू लागला आणि मग नुसती हवा सोडू लागला. टँकर आणवला. त्यातलेही थोडे मी गवताला घातले, तेव्हा सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मार्चमध्ये साक्री तालुक्यातून आत्या आली. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. फाटकातच थांबून तिने काठीने गवत टोचले.

"हाई काय शे रे भाऊ?"

"लॉन, आत्या."

"मंग गाय कोठे शे?"

गाय नाही, हे कळल्यावर तिने जो चेहरा केला, तो मी विसरणार नाही.

आत्याचे सासर पांझरेकाठचे. तिथे नदीत दगडी बंधारा घालून पाट काढायचा आणि उताराच्या ओघाने पाणी शेतात न्यायचे, ही रीत शेकडो वर्षांची आहे. (विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे होते. एवढ्या मोठ्या माणसाची सुरुवात आमच्याकडची, म्हणून सांगितले.) या पाटाखालच्या शिवाराचे मोठाले तुकडे पाडतात, ते फड. एका फडात एकच पीक. शेजाऱ्याचा ऊस आणि माझी ज्वारी असा खिचडा नाही, त्यामुळे साऱ्या फडाला एकदम पाणी लागते आणि एकदम पुरते. पाणी शेतकऱ्याने आपल्या हाताने घ्यायचे नाही. ते पाटकरी देणार. राखणीला जागल्या. बंधाऱ्यात पाणी कमी दिसले, तर किती फड भिजवायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे गाव बसून ठरवते. पुढे नदीवर धरणे झाली, विहिरी खोल गेल्या आणि पुष्कळ फड मोडले. आत्याच्या डोक्यातला मात्र मोडलेला नव्हता.

"तू तहानेला अन् बिनतहानेला एका पंगतीत बसवतोस," ती म्हणाली. खरेच होते. मी बोगनवेलीलाही रोज पाणी घालत होतो, आणि ती उपकार म्हणून नुसती पाने देत होती. फुले एक नाही!

आठ दिवसांत गवत उखडले गेले. मोरीपाशी पहिला फड झाला. त्यात अळू, केळ, पुदिना, कढीलिंब अशी बारमाही तहानलेली मंडळी. त्यांना भांडी विसळलेले पाणी; साबणाचे पहिले पाणी वेगळे काढायचे, ही मावशींची सूचना. दुसऱ्या फडात मोगरा, जास्वंद, लिंबू आणि सौ.चे चार गुलाब. तिसऱ्यात बोगनवेल, चाफा, कोरफड आणि बोर. एकदा मुळे धरली की यांनी पावसावर राहायचे. दुसऱ्या फडाला आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, सावकाश आणि खोलवर पाणी. रोजच्या शिंतोड्याने मुळे वरच लाडावतात. खोल ओल मिळाली की तीही खाली जातात. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने जळगावच्या ठिबकच्या नळ्या देशभर नेल्या. आमच्या फाटकाच्या आत त्या यायला आत्या यावी लागली. बोअरच्या क्षारांनी त्यांची तोंडे बुजतात, ती महिन्याने साफ करावी लागतात, एवढी तक्रार आहे. लिंबाजवळ मात्र आत्याने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले. ते सावकाश पाझरते. आणि सगळ्या बुंध्यांशी केळीच्या वाळक्या पानांचा वीतभर थर. जळगावात त्याला तोटा नाही. त्या थराखाली भेगाही मिटल्या.

खरी परीक्षा मे महिन्यात आली. टँकर वेळेवर मिळेना. आत्याने जाहीर केले, "दुसरा फड बंद." सौ. काही बोलली नाही. ते गुलाब तिच्या वडिलांनी नाशिकच्या घरी स्वतः कलम बांधून वाढवलेल्या झाडांचे होते. घर विकले गेले, वडीलही गेले, आणि ही चार रोपे मागे राहिली होती. तिसऱ्या रात्री मी तांब्या घेऊन हळूच बाहेर गेलो, तर ही आधीच पेला घेऊन तिथे बसलेली. आम्ही एकमेकांकडे पाहतो आहोत तोच ओट्यावरून आत्याचा आवाज आला. तिथे ती जागल्या होऊन बसली होती.

"पाणी झाडाला नाही, फडाला. द्यायचे तर सगळ्यांना द्या."

दुसऱ्या दिवसापासून सौ.ने अर्धी बादली पाण्यात अंघोळ आटोपायला सुरुवात केली. उरलेली अर्धी बादली आठवडाभर साठवून ती साऱ्या फडाला वाटायची, मोगऱ्यालाही, जास्वंदीलाही. मीही तसेच केले. पण माझी अर्धी बादली तिच्या अर्ध्या बादलीपेक्षा मोठी होती, हे कबूल केले पाहिजे.

पावसाळ्यात बोअर पुन्हा बोलू लागला. आत्या तेव्हा गावी परतली होती. तिचा फोन आला, "पहिली पाळी कोणाची?"

"मावशींच्या हंड्यांची."

"मंग ठीक शे," म्हणून तिने फोन ठेवला.

चार गुलाबांपैकी दोन गेले. उरलेल्या दोघांना दिवाळीत कळ्या आल्या. गेलेल्यांच्या जागी शेवगा लावावा असे मी सौ.ला सुचवले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.