आधी जर्नल, मग अर्पण

सबमिशनच्या आठवड्यात रूममेटचं जर्नल मी उतरवायला घेतलं आणि वेळेत परत दिलंच नाही. त्याची सही राहिली. तो चिडला, मग मीही चिडलो. पंधरा दिवस एकाच खोलीत राहून बोलणं बंद!

मी लहानपणापासून चर्चमध्ये जाणारा. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय तर पाठच. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भांडण आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. मला वाटायचं, आपल्या मनात राग नसला म्हणजे झालं. त्या रविवारी नीट वाचलं, तर तिथे माझ्या रागाचा प्रश्नच नव्हता. समोरच्याच्या मनात माझ्याविषयी काही असेल, तर उठायचं मी!

आणि किती लांब? येशू बोलत होता गालीलात, वेदी यरुशलेमच्या मंदिरात. मध्ये शंभरेक किलोमीटर, तीन-चार दिवसांची पायपीट. आमचं हॉस्टेल चर्चपासून दहा मिनिटांवर.

दानाची थैली माझ्या रांगेत यायच्या आत मी बाहेर पडलो. (आई असती तर ओरडली असती.)

तो कपडे भिजवत होता. "चुकलं रे माझं," म्हणालो. त्याने वर पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे सरांना सांगशील?"

एवढं काही मी ठरवून आलो नव्हतो. सोमवारी दोघं गेलो. सरांनी सही केली, पण उशिराचे दोन मार्क कापलेच. त्याचे. माझे नाहीत.