इंजिनात शिरणारे मुंगळे

ग्वाल्हेर म्हटले की शिंदे सरकारांची गादी आठवते. आम्हांस मात्र महाराजपूरचा हवाई तळ आठवतो. फ्रान्सची मिराज २००० विमाने १९८५ साली तेथे आली, आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटच्या मोहिमेवर तेथूनच निघाली. वैमानिकांचे कौतुक झाले, ते योग्यच. इंजिने तपासून देणाऱ्या तंत्रज्ञांची नावे कोणास ठाऊक?

मिराजला इंजिन एकच. पात्यावरील केसाएवढी चीर नजरेतून निसटली, तर आकाशात दुसरा आधार नाही. म्हणून कॅमेऱ्याची बारीक नळी आत सारून एकेक पाते न्याहाळावे लागते. मान अवघडते, डोळे शिणतात.

२०१८ साली इंग्लंडात फार्नबरो येथे रोल्स-रॉइस कंपनीने सुमारे एक सेंटिमीटरच्या यंत्रमानवांची कल्पना मांडली. सापासारख्या लवचीक यंत्राने त्यांना आत सोडावयाचे, आणि मुंगळ्यांप्रमाणे फिरून त्यांनी चित्रे पाठवावयाची. इंजिन उतरविण्याचे श्रम त्याने वाचावेत.

मग आपल्या मुलांची नोकरी जाणार काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुंगळा कंटाळत नाही, ही मोठीच सोय. पण विमान उडण्यास योग्य आहे अशी सही माणसालाच करावी लागते. चित्रातील डाग काजळीचा की चिरेचा, हे त्याला ओळखता आले पाहिजे, आणि ते शिकण्यास अजूनही वर्षे लागतात.