‘नवरीला जरा गोरी करा ना!’

लग्नाचे व्हिडीओ एडिट करणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. हल्ली मी वाद घालत नाही, सरळ व्हेक्टरस्कोप उघडून दाखवतो.

व्हेक्टरस्कोप म्हणजे एक गोल. मध्यावर काळा, पांढरा, करडा, म्हणजे रंगच नाही. ठिपके जितके बाहेर, तितका रंग भडक. आणि कुठल्या दिशेला, त्यावरून लाल की निळा ते कळतं. लाल आणि पिवळ्याच्या मधे एक तिरकी रेघ असते, स्किन टोन लाइन. आता गंमत बघा. गोरी मावशी, सावळी नवरी, उन्हात रापलेला मांडववाला, सगळ्यांची त्वचा याच रेघेच्या आसपास येते! रक्त आणि मेलॅनिन सगळ्यांचं तेच ना. फरक मुख्यतः उजळपणाचा, आणि तो हा स्कोप मोजतच नाही.

खरा घोळ करतात हॉलमधल्या हिरवट ट्यूबलाइट्स. मग गालाचा तेवढा तुकडा क्रॉप करायचा, नाहीतर शालूचे ठिपके गोलात घुसतात. थोडा मॅजेंटा वाढवून ठिपके रेघेवर आणायचे, बस्स. डोळ्यांवर भरवसा नको. रात्री दोन वाजता त्यांना सगळंच छान दिसतं.

परवा एक नवरी आईला घेऊन आली. आईंचं तेच वाक्य. मी फक्त हिरवट झाक काढली, ब्राइटनेसला हातही लावला नाही. ‘अगोबाई, आत्ता कशी आपली पोर दिसतेय!’ आई म्हणाल्या. शालूवरून मात्र मायलेकींचं जुंपलं, राणी कलर की जांभळा? स्कोप म्हणाला, राणी.